पढे फारसी, बेचे संत्रा

दिवाळीत गावी गेले की एसटीतून उतरल्यापासून घराच्या दारापर्यंत किमान चार जण तरी विचारतात, "काय वं, काय शिकून रायली मंग दिल्लीले?" पहिल्या वर्षी मी खरं सांगायचे. फारसी. मग पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हंजे उर्दू काय?" नाही काका, उर्दू वेगळी, फारसी म्हणजे इराणची भाषा, अफगाणिस्तानात आणि ताजिकिस्तानात पण बोलतात आणि... तोवर काकांचं लक्ष चहाकडे. दुसऱ्या वर्षापासून मी नुसतं "फॉरेन लँग्वेज" म्हणायला लागले, त्यावर सगळे समाधानी. "हाव काय, फ्रेंच असन." असू द्या.

एकट्या आमच्या रिटायर गुरुजींना फारसी म्हणजे काय ते माहीत होतं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "पढे फारसी बेचे तेल, ये देखो कुदरत का खेल." पारावरचे सगळे हसले, मी पण हसले, आणि घरी येऊन आईवर चिडले. सध्याचे तेलाचे भाव बघता तो काही वाईट धंदा नाही हे मला नंतर सुचलं, नेहमीसारखं.

आमचं गाव वर्धा नदीच्या काठी, धामणगाव तालुक्यात. बाबांची पाच एकर कोरडवाहू, पऱ्हाटी, तूर, सोयाबीन. बारावीनंतर इंजिनियरिंग-बिंजिनियरिंग आपल्याच्यानं होत नाही हे कळलं होतं आणि दिल्लीला भाषा शिकता येतात, फी कमी आहे, हॉस्टेल मिळतं एवढंच एका सीनियर दीदीकडून कळलं होतं, म्हणून नेटकॅफेत जाऊन फॉर्म भरला. तिथल्या दादाने पहिला पसंतीक्रम फ्रेंच टाकला, दुसरा जर्मन, तिसरा स्पॅनिश, आणि रकाने उरले होते म्हणून खाली जे दिसलं ते भरत गेला. लिस्ट लागली तर माझ्या नावापुढे पर्शियन. मला पर्शियन मांजर असते एवढंच माहीत होतं. जेएनयूत पर्शियन आणि मध्य आशियाई अभ्यासाचं वेगळं सेंटर आहे, बीए-एमए सलग पाच वर्षांचं, आणि अलिफ की बे माहीत नसलेल्यालाही तिथे शून्यापासून शिकवतात, हे सगळं मला ऍडमिशन घेतल्यावर कळलं. बाबा म्हणाले, "पाच वर्सं? पाच वर्सात तं संत्र्याचं झाड फळावर येते." पण जाऊ दिलं.

पहिले दोन महिने रडण्यात गेले. उजवीकडून डावीकडे लिहायचं, बत्तीस अक्षरं, त्यातली चार निरनिराळी अक्षरं आणि उच्चार चौघांचाही ज़, तीन अक्षरं स ची, दोन त ची. कोणत्या शब्दात कोणता ज़ लिहायचा याला नियम नाही, पाठ करा. पण एका गोष्टीत आपण भाग्यवान निघालो. वर्गातली यूपी-बिहारची पोरं "जमीन" म्हणताना जीवातला ज लावायची आणि सरांचा ओरडा खायची, माझा ज आपोआप बरोबर पडायचा कारण आपण मराठीत जमिनीतला ज तसाच दाताजवळून काढतो. सरांनी विचारलं कुठे शिकली? मी म्हटलं शेतात.

मग हळूहळू मजा यायला लागली. व्याकरण ओळखीचं वाटलं, क्रियापद आपल्यासारखंच वाक्याच्या शेवटी. आणि लिंगाची भानगडच नाही! माणूस तो असो की ती, एकच "ऊ". आला, आली, आलं, सगळ्याला "आमद". आमच्या वऱ्हाडीत "ते आली, ते गेली" म्हणतो म्हणून पुण्याच्या एका मुलीने मला हॉस्टेलात फार छळलं होतं, तिला मी सांगितलं की बाई, हजार वर्षांचं वाङ्मय असलेली भाषा लिंगभेदच करत नाही, तू माझ्या "ते"चं काय घेऊन बसली. शिवाय फारसीतही आपल्यासारखंच आहे, पुस्तकातलं वेगळं आणि तोंडातलं वेगळं. पुस्तकात "नान", तेहरानात बोलताना "नून". पुस्तकात "मीरवम", बोलताना "मीरम". आपण नाही का, लिहितो "जात आहे" आणि बोलतो "जाऊन रायलो".

ओळखीचे शब्द भेटायचे, पण लहानपणी हरवलेला भाऊ सिनेमात भेटतो तसे, चेहरा तोच आणि धंदा वेगळा. दफ्तर तिकडे वही किंवा ऑफिस, आपल्याकडे पोरांच्या पाठीवर. शाई म्हणजे मुळात सियाही, काळेपणा, म्हणजे आपली लाल शाई हा लाल काळेपणा झाला. चष्मा, तर चेश्मे म्हणजे तिकडे झरा, डोळ्यावरचा तो ऐनक. हप्ता म्हणजे सातांचा, आठवडा, आणि आपण बँकेचा हप्ता महिन्याला भरतो, तो पण थकलेला. सगळ्यात मोठी फजिती दिमागची. बोलण्याच्या तासाला ज्या इराणी बाई यायच्या त्यांना मी मोठ्या ऐटीत सांगितलं की परीक्षेमुळे माझा दमाग दुखतोय. त्यांनी विचारलं सर्दी झाली का? कारण आजच्या फारसीत दमाग म्हणजे नाक.

आणि शेर, म्हणजे सिंह. आपण शेर म्हणतो, इराणात आता शीर म्हणतात, आणि शीर म्हणजे दूध पण, आणि नळाची तोटी पण. जुना "शेर" उच्चार आपल्याकडे टिकला, तिकडे बदलला. बाई म्हणायच्या तुम्ही हिंदुस्थानी लोक जुनं फारसी बोलता, आजीच्या आजीसारखं.

लायब्ररीत माधव जूलियनांचा फारसी-मराठी कोश मिळाला, १९२५ चा. गझल मराठीत आणणारे ते हेच, स्वतः फारसीचे प्राध्यापक. आमच्या अमरावतीचे सुरेश भट मतला, काफिया, रदीफ अशी गझलेची बाराखडी मराठी पोरांना शिकवत बसले, ते त्यांच्यानंतरचं. शाळेत भट वाचले तेव्हा हे सगळे शब्द कुठून आले असा प्रश्न पडला नव्हता. त्या कोशात मी एक वाईट सवय लावून घेतली. कोणताही मराठी शब्द दिसला की हा आपला की तिकडचा, शोधत बसायचं.

ती सवय घेऊन मी पहिल्या वर्षाच्या सुट्टीत घरी आले.

त्या वर्षी अतिवृष्टीने सोयाबीन गेलं होतं, बाबा कागदांची पिशवी घेऊन फिरत होते आणि मी सोबत. तहसील. तहसील म्हणजे गोळा करणं, वसुली. मूळ अरबी, आपल्याकडे फारसीतून आलं. तहसीलदार, वसुली गोळा करणारा. अर्ज, हुकूम, दाखला, नक्कल, हक्क, वारस, जप्ती, कर्ज, नुकसान. पंचनामा, त्यातले पंच आपले, नामा फारसी. दस्तऐवज, त्यातला दस्त म्हणजे हात. सातबाऱ्यावर मौजे, जिरायत, बागायत, खरीप, रब्बी. खरीप म्हणजे अरबीत पानगळ आणि रब्बी म्हणजे वसंत, ज्याला आम्ही नुसतं पिकाचं नाव समजत होतो. मशागत हा शब्द शोधला तेव्हा तर मी बाबांना फोनच दाखवला. मशक्कत. कष्ट, हालअपेष्टा. "बाबा, मशागत म्हंजे हाल." बाबा म्हणाले, "ते पाह्यले डिक्शनरी कायले लागते?"

बाहेर बाकड्यावर बसून मी बाबांना हे एकेक सांगत होते, शेजारचे लोक पण ऐकायला लागले, एक म्हातारे आबाजी म्हणाले, "म्हंजे आमी इथं दिवसभर फारसीच बोलून रायलो!" आणि बाबा बोलले ते मला अजून टोचतं. "मंग तिकडच्या भाषेत चांगला काईच शब्द नाई काय? सगळे पैसे मांगाचेच हाय."

मी दिल्लीला परत येऊन त्यावर फार विचार केला. खरंच आहे की. अचलपूरला इमादशाही होती, साधारण १४९० पासून १५७४ पर्यंत, त्याआधी बहमनी, नंतर १५९६ ला अकबराने वऱ्हाडचा सुभा केला, मग निजाम. एवढी वर्षं सरकारी कागद फारसीत नाहीतर फारसी वळणाचा. अकबराच्या दरबारी अबुल फज्लने आईन-ए-अकबरीत आमच्या मुलखाची सगळी खानेसुमारी लिहिली, कुठल्या परगण्यातून किती दाम येतात. लोणारचं खारं पाणी पण आहे त्यात, पण तेही कशाला, तर तिथे साबण आणि काच करायला लागणारा माल मिळतो आणि सरकारला उत्पन्न होतं म्हणून. एकच ओळ अशी आहे की वाचताना मी लायब्ररीत मोठ्याने "अरे" म्हटलं. तो लिहितो की वऱ्हाडचं मूळ नाव वरदातट, वरदा ही नदी आणि तट म्हणजे काठ. माझ्या घरामागची नदी! चारशे वर्षांपूर्वीच्या फारसीत! पुढच्या ओळीपासून परत हिशेब.

शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करून घेतला, फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, ते शाळेत सगळ्यांनीच वाचलंय. पेशव्याला पंतप्रधान, मुजुमदाराला अमात्य. आणि पुढे झालं काय, तर पेशवा हा शब्दच इतिहासात सगळ्यात मोठा झाला, आणि पारसनीस, फडणीस, चिटणीस ही तर घरोघरची आडनावं आहेत. पारसनीस म्हणजे फारसी लिहिणारा, म्हणजे माझीच नोकरी. नीस म्हणजे नवीस, लिहिणारा.

तर माझं मत तेव्हा असं झालं होतं आणि मी ते ट्युटोरियलमध्ये लिहिलं पण, की नांगर, वखर, डवरा, तिफन, भाकर, माय, भूक हे आपले, आणि कागदावर जे जे लागतं ते त्यांचं. फारसी आमच्या गावात पायी आली नाही, वसुलीला आली.

पण मग बोलण्याच्या तासाला त्या बाईंनी जे शिकवलं ते कुठल्याच सातबाऱ्यात नव्हतं.

तास संपला की आपण थँक्यू म्हणतो ना, तिकडे म्हणतात "खस्ते नबाशीद". थकलेले नसा. कोणी काम करत असेल, दुकानदार, रस्ता झाडणारा, शिक्षक, त्याच्याजवळून जाताना किंवा काम संपल्यावर असं म्हणायचं. खस्ता आपल्याकडे पण आला, पण आपल्याकडे त्याच्या खाव्या लागतात किंवा कचोरी होते. कोणी काही हातात दिलं, चहा केला, तर "दस्तेत दर्द नकोने", तुझा हात दुखू नये. माझ्या कानाला तर ते मराठीच वाटतं, दर्द नको ने. त्यावर समोरचा म्हणतो तुझं डोकं दुखू नये. आणि कोणी कार्यक्रमाला आलं नसेल तर नंतर त्याला सांगतात "जात खाली", तुझी जागा रिकामी होती. इतकी साधी गोष्ट. आपण तर उलट भांडतो, आला कायले नाई म्हणून.

तआरोफ, म्हणजे त्यांची नाही-नाही म्हणत आग्रह करायची रीत, तर मला शिकावीच लागली नाही. टॅक्सीवाला, दुकानदार पैसे घ्यायच्या आधी म्हणतो "काबेली नदारे", राहू द्या, त्याला काही मोल नाही, आणि आपण आग्रह करून द्यायचेच असतात, खरंच न देता निघालात तर पंचाईत. पाहुण्याने दोनदा नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं. वर्गातल्या दिल्लीच्या पोरांना हे कळता कळत नव्हतं. मी म्हटलं आमच्याकडे या. "जेवले काय?" "हाव जी, पोट भरलं हाय." "थोडसक घ्या." "नाई नाई." "अर्धीच भाकर." आणि मग माणूस अडीच भाकरी खातो.

हे शब्द आले नाहीत. आले असते तर काय झालं असतं असा मी उगाच विचार करते. फिरिश्ता नावाचा इतिहासकार सांगतो की चौदाव्या शतकात बहमनी सुलतानाने हाफिजला, शिराजच्या त्या मोठ्या फारसी कवीला, दख्खनला यायचं आमंत्रण दिलं, खर्चाचे पैसे पाठवले, हाफिज होर्मुझपर्यंत आला, जहाजात बसला, समुद्र खवळला तसा उतरला आणि परत घरी गेला. एक गझल तेवढी पाठवून दिली. तेव्हा वऱ्हाड बहमनी राज्याचाच एक तरफ, म्हणजे प्रांत, होता. म्हणजे तहसीलदार आला, हाफिज आला नाही. बस लागते म्हणून अमरावतीला न जाणारी माझी आजी आहे, त्यामुळे मी हाफिजला दोष देत नाही.

गेल्या उन्हाळ्यात कापसाच्या उरलेल्या फरदडीला आई आणि चार बाया होत्या, मी पाण्याची कॅन घेऊन गेले आणि धुऱ्यावरून ओरडले, "खस्ते नबाशीद!" सगळ्या थांबल्या. मग अर्थ सांगितला. एक काकू म्हणाली, "थकू नका म्हंते? मंग मजुरी वाढवाले सांग तुया बापाले." मजुरी, मुज़्द, परत फारसी. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी त्याचं "खस्ता नबासी" केलं आणि एकमेकींना पाणी मागताना म्हणायला लागल्या, अर्थ सोडून.

नवरोज आम्ही हॉस्टेलात केला, मार्चच्या वीस-एकवीसला, दिवसरात्र सारखी होतात तेव्हा त्यांचं वर्ष सुरू होतं. हफ्त-सीन मांडतात, स पासून सुरू होणाऱ्या सात वस्तू: सीब म्हणजे सफरचंद, सीर म्हणजे लसूण, सेर्के म्हणजे व्हिनेगर, सुमाक हा आंबट मसाला, सेंजेद हे सुकं फळ, समनू ही गव्हाच्या अंकुरांची गोड खीर आणि सब्ज़े. सब्ज़े म्हणजे ताटलीत उगवलेले गव्हाचे हिरवे अंकुर, तेराव्या दिवशी वाहत्या पाण्यात सोडतात. ते बघून मला एकदम नवरात्रातला घट आठवला, आई परडीत गहू पेरते आणि दहाव्या दिवशी वर्धेत नेऊन सोडते. सेंजेद आणि सुमाक दिल्लीत शोधून शोधून पाय दुखले (मिळतात, पण महाग), तेव्हा मी रूमवर वऱ्हाडी हफ्त-सीन मांडलं: संत्रं, सांबार, सोयाबीन, सरकी, साखर, सुंठ, सुपारी. बाईंनी फोटो मागून घेतला. सांबार म्हणजे कोथिंबीर हे त्यांना पटवायला वेळ लागला, त्यांनी दिल्लीत डोशासोबतचं खाल्लं होतं.

बाबांचा नोकरीचा प्रश्न आहेच. रोजगार हा शब्दही फारसीच, तिकडे त्याचा अर्थ काळ, दिवस, जमाना. माझे सीनियर अफगाण पेशंटसोबत दिल्लीच्या हॉस्पिटलांत दुभाषी म्हणून जातात, कोणी अर्काइव्हमध्ये आहे. आणि एक गोष्ट मला तिसऱ्या वर्षी कळली, पुरातत्त्व खात्याची देशभरातले अरबी-फारसी शिलालेख वाचणारी शाखा कुठे आहे, तर नागपूरला. मी दिल्लीला जाऊन जे शिकत होते ते वाचणारं ऑफिस आमच्या धामणगावच्या रेल्वेवर. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "पयलेच सांगतलं असतं तं भाडं वाचलं असतं."

आता संत्र्याचं. या फेब्रुवारीत मामेबहिणीचं लग्न होतं. मामाचं गाव वरूडकडे, दोन एकर संत्रा. लग्नाच्या आदल्या दिवशी मामाने गाडीवर बसवून बागेत नेलं. लांबूनच वास. पांढरी फुलं, झाडाखाली पाकळ्यांचा सडा, मधमाश्यांचा आवाज. मामा म्हणाले, "यंदा आंबिया बहार चांगला फुटला पाय."

मी गाडीवरून उतरता उतरता थांबले. बहार.

हा शब्द मी जन्मापासून ऐकतेय. आंबिया बहार, मृग बहार, झाडांचं पाणी तोडून ताण द्यायचा, मग पाणी सोडलं की बहार फुटतो, व्यापारी येऊन उभा बहार विकत घेतो. पहिल्या सेमिस्टरला मी बहार म्हणजे वसंत असं वहीत लिहिलं होतं, शेजारी पानगळ म्हणजे पाईज़. दोन्ही कधी जोडले नाहीत. आणि त्याहून पुढे, तिकडे फुललेल्या नारिंगाच्या फुलाला म्हणतातच "बहार-नारंज". शिराजच्या वसंताचा वास म्हणजे हाच, अंगणात, रस्त्याच्या कडेला ती झाडं, त्या फुलांचं सरबत करतात, मुरंबा करतात. आणि नारंज हा शब्द तर आपल्याकडून तिकडे गेलेला, नारंग. म्हणजे एक शब्द आपण दिला, एक त्यांनी दिला, आणि दोन्ही मामाच्या बागेत एकाच फांदीवर. आणि मी ट्युटोरियलमध्ये लिहून बसले होते की वसुलीशिवाय काही आलं नाही. (त्याला मार्क पण चांगले मिळाले होते.)

मी तिथूनच बाईंना व्हिडिओ पाठवला. पाच मिनिटांनी त्यांचा आवाज आला, थोडा रडवेला, की वास येत नाही पण येतोय. मामाने विचारलं काय म्हंते ते? मी सांगितलं.

"तिकडं बी संत्रा हाय? मंग भाव काय चालू हाय?"

मी विचारलं. बाई म्हणाल्या नारंज कोणी विकत वगैरे घेत नाही, आंबट असतं, जेवणावर पिळतात, अंगणातून तोडून आणायचं. मामांनी माझ्याकडे असं बघितलं की ही दिल्लीला शिकते ते सगळं बिनकामाचंच आहे.

"इचार तिले, ताण किती दिस देतेत."

ताणला फारसीत काय म्हणतात ते मला आलं नाही. कोशात पाहिलं, नाही. बाईंना झाडाला मुद्दाम तहानलेलं ठेवणं असं लांबलचक समजावून लिहिलं, त्यांनी शिराजला भावाला विचारून सांगते म्हटलंय. मामा दर आठवड्याला फोन करून विचारतात, आला काय निरोप.